ड्राय रन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, पावणेबारा वाजलेले. आमचं रिलीज चालू होतं. मी घरूनच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कॉलवर तिघं-चौघं 'स्क्रीन दिसतेय का, आवाज येतोय का' करत होते. तेवढ्यात मामाचा फोन वाजला. म्हणजे मामाचा तो जुना बटणांचा फोन, जो पाच महिने आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता आणि ज्याचा आवाज कमी करायची घरात कुणालाच परवानगी नव्हती.

हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडम होत्या. कोल्हापूरला एक लिव्हर मिळायची शक्यता आहे. पेशंटला आता काही खायला-प्यायला देऊ नका, तासाभरात या.

माझा मामा रत्नागिरीचा. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि सिरॉसिस झाला. फॅटी लिव्हर, वर डायबेटिस. हे लोकांना पटत नाही ती वेगळीच पीडा. गावात जो तो 'आतून घेत असणार हो' अशा नजरेने बघतो, आणि मामी बिचारी प्रत्येकाला समजावत बसते. तर ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागल्यावर बोलावणं येताच पोचता यावं म्हणून दोघं वारज्याला आमच्याकडे राहायला आली. दाराशी एक बॅग कायम भरलेली. त्यात फाईल, दोन लुंग्या, टॉवेल, आणि का कोण जाणे, एक टॉर्च.

मी कॉलवर 'घरी इमर्जन्सी आहे' एवढंच म्हणालो आणि लॅपटॉप मिटला. (रिलीज माझ्याविना झालं आणि काहीही बिघडलं नाही. हेही एक शिक्षणच.)

साडेबाराला पोचलो. रक्त घेतलं, एक्स-रे झाला, छातीवरचे केस काढले, तो पाठीमागून नाड्या असलेला हिरवा झगा चढवला. मामी ओठातल्या ओठात रामरक्षा म्हणत होती. आई मला दर दहा मिनिटांनी 'विचार ना रे' म्हणत होती आणि मी कुणाला काय विचारायचं ते न कळून कॉफीच्या मशीनपर्यंत जाऊन परत येत होतो. मामा मात्र शांत. एकदाच म्हणाला, "कोल्हापूरहून यायला चार तास तरी लागतील रे. पाऊस आहे. खंबाटकीला अडकू नये म्हणजे झालं."

पाच वाजून वीस मिनिटांनी एक तरुण सर्जन आले. आमच्याच वयाचे असतील. कोल्हापूरला गेलेल्या त्यांच्या टीमने पोट उघडून लिव्हर पाहिलं होतं, तुकडा तपासला होता. चरबी जास्त निघाली. म्हणाले, "एवढी चरबी असलेलं लिव्हर थंडीत फार टिकत नाही. इथेच, याच इमारतीत डोनर असता तर आम्ही कदाचित घेतलंही असतं. पण काढून, पॅक करून, रस्त्याने आणून, बसवेपर्यंत आठ-नऊ तास होतात. तेवढा धोका आम्ही घेणार नाही." मग आमचे चेहरे बघून जरा ओशाळून म्हणाले, "याला आम्ही ड्राय रन म्हणतो. असं होतं. पुष्कळांना दोन-दोन, तीन-तीनदा होतं."

ड्राय रन! आमच्या धंद्यातला शब्द. सगळ्या पायऱ्या करायच्या आणि शेवटचं बटण दाबायचं नाही.

मामाने झगा काढला, शर्ट घातला, आणि आम्ही कर्वे पुतळ्यापाशी चहा घेऊन घरी आलो. मामाला बिनसाखरेचा.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तेच लिव्हर याच इमारतीत असतं तर चाललं असतं, आणि २३० किलोमीटरवर आहे म्हणून चालत नाही. म्हणजे प्रॉब्लेम लिव्हरइतकाच रस्त्याचाही आहे. आम्ही लोक लेटन्सी कमी करायला सर्व्हर मुंबईत आणून ठेवतो, पण इथे सर्व्हरच डब्यात घालून आणायचाय, तोही बंद न पडता. मग दर शनिवारी सकाळी, पोहे झाले की, मी या विषयावरचे पेपर वाचायला लागलो. त्यातलं अर्धं कळलं नाही. जे कळलं ते मामाला सांगत गेलो, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं त्याला आधीच माहीत होतं.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न टाळूनच काम व्हायचं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला बर्नार्डने पहिलं हृदय बसवलं तेव्हा दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या ऑपरेशन थिएटरात होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, केईएमला, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पण त्या काळात केईएमने हे करून पाहिलं होतं ही गोष्ट मला इंजिनिअरिंगची चार वर्षं मुंबईत काढून माहीत नव्हती, याची लाज वाटली. असो. सांगायचा मुद्दा असा की दोघं एकाच छपराखाली असतील तर डबा लागतच नाही. डबा लागतो तो अंतर आल्यावर.

डब्यात काय असतं? बर्फ. बाकी सगळ्या करामती नंतरच्या, पाया बर्फच. शरीराचं तापमान दर दहा अंशांनी खाली आणलं की पेशींची भूक साधारण निम्मी होते. ३७ वरून ४ अंशांवर आलात की ती दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे पेशी मरत नाही असं नाही, सावकाश मरते. त्यामुळे प्रत्येक अवयवाला आपापलं घड्याळ आहे. हृदय चार ते सहा तास, फुप्फुसं सहा ते आठ, लिव्हर आठ ते बारा, किडनी मात्र चिवट, चोवीस ते छत्तीस तास निघतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय नेलं तेव्हा सगळे सिग्नल मोकळे केले होते, ते याच घड्याळापायी. तेव्हा मी आपला टीव्हीवर बघून 'वा वा' केलं होतं.

हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "पण बर्फ नुसता लावून चालत नाही. मासळीला लादी थेट लावली तर जिथे लागते तिथे मास पांढरं पडतं. बर्फ फोडायचा, त्यात पाणी घालायचं. आणि मासा थंड ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो. गोठला की आतलं पाणी फुगून सगळं फाडतं. मग वितळवलास की नुसतं पाणी सुटतं."

अगदी हेच! अवयव एका पिशवीत द्रावणात बुडवतात, ती दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्यात, आणि मग फोडलेल्या बर्फात. बर्फ थेट लागता कामा नये.

आता त्या द्रावणाविषयी, कारण मला खरा थरार तिथे वाटला. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं आणि बाहेर सोडियम. ही तफावत टिकवायला पेशीच्या पातळ कातडीत एक पंप चोवीस तास चालू असतो. होडीत पाणी शिरत असतं आणि एक माणूस डब्याने ते उपसत असतो, तसं. थंडीत त्या माणसाचा हात चालेनासा होतो. सोडियम आत घुसतं, त्याच्यामागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. मग उपाय काय? होडीच्या बाहेरही आतल्यासारखंच करून टाकायचं! बाहेरच्या द्रावणातच भरपूर पोटॅशियम घालायचं, म्हणजे घुसायला कारणच उरत नाही. १९६९ मध्ये जेफ्री कॉलिन्सने लॉस एंजेलिसला असं द्रावण बनवून कुत्र्याच्या किडन्या नुसत्या बर्फात तीस तास टिकवून दाखवल्या.

याच सुमारास दुसरी एक शाखा चालू होती. फोल्कर्ट बेल्झर नावाचा मूळचा डच सर्जन सॅन फ्रान्सिस्कोला मशीनवर काम करत होता. त्याचं म्हणणं, किडनी डब्यात निजवू नका, तिच्यातून पंपाने थंड द्रव फिरवत ठेवा. १९६७ मध्ये त्याने कुत्र्याच्या किडन्या ७२ तास टिकवल्या. ७२ विरुद्ध ३०! तरीही जिंकला डबाच, कारण मशीन मोठं, महाग, सोबत माणूस लागणार. डबा कुणीही उचलून गाडीत ठेवू शकतो. हे आपल्या क्षेत्रात इतक्यांदा पाहिलंय की वाचताना हसूच आलं.

पण पुढचं वळण बघा. बेल्झर १९७४ ला विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला आणि तिथे जेम्स साउदर्ड या जीवरसायन शास्त्रज्ञाबरोबर त्याने वर्षानुवर्षं खपून एक द्रावण बनवलं, ज्याला आज जगभर यूडब्ल्यू म्हणतात. त्यात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज, हे मोठे रेणू पेशीत शिरू शकत नाहीत, म्हणून पाण्याला बाहेरच धरून ठेवतात. ॲडेनोसिन, म्हणजे पेशीला पुन्हा जाग आल्यावर इंधन बनवायला कच्चा माल. ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल हे कशाला, तर रक्त परत सुरू झाल्यावर प्राणवायूच्या लोंढ्याने जो जाळपोळ होतो तो आवरायला. (ॲलोप्युरिनॉल म्हणजे आमच्या बाबांची गाऊटची गोळी. घरात पट्टी पडलेली असते.) १९८७ पासून हे लिव्हरसाठी वापरात आलं, आणि तोवर जेमतेम सहा-आठ तासांत उरकावी लागणारी शस्त्रक्रिया जरा दमाने करता यायला लागली. म्हणजे मशीनवाल्या माणसानेच डब्याला आणखी पंचवीस वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं. स्वतःच्या आवडत्या आर्किटेक्चरविरुद्ध इतकं प्रामाणिक काम करणारा माणूस मला आमच्या कंपनीत दाखवा.

मशीनची कल्पना तशी बेल्झरच्याही आधीची. १९३५ मध्ये अलेक्सिस कॅरेल या नोबेलवाल्या सर्जनसाठी काचेचा एक पंप बनवला गेला, त्यात मांजराची थायरॉईड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवली. पंप बनवणारा कोण, तर चार्ल्स लिंडबर्ग! तोच तो, १९२७ मध्ये एकट्याने विमान घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला उतरलेला. त्याच्या मेव्हणीला हृदयाच्या झडपेचा आजार होता आणि तो डॉक्टरांना विचारत सुटला होता की हृदय बाहेर काढून दुरुस्त का करत नाही तुम्ही? हा प्रश्न किती इंजिनिअरी आहे! दोघांचेही माणसांच्या 'वाणा'बद्दलचे विचार वाचले की मात्र तोंड कडू होतं, त्यामुळे फार कौतुक करवत नाही.

मशीन परत आलं ते २००९ च्या आसपास, आणि ज्या प्रयोगाने आलं तो मला इतका आवडला की मी तो टीममध्ये सोमवारी सकाळी फळ्यावर काढून दाखवला. प्रत्येक दात्याला किडन्या दोन असतात ना? युरोपातल्या संशोधकांनी ३३६ दाते घेतले. प्रत्येकाची एक किडनी मशीनवर, दुसरी डब्यात, कोणती कुठे ते चिठ्ठी टाकून. दाता तोच, वय तेच, रक्त तेच, फरक फक्त साठवणीचा. याहून स्वच्छ ए/बी टेस्ट जन्मात बघायला मिळणार नाही. नवी किडनी लगेच चालू न होता काही दिवस डायलिसिस लागण्याचं प्रमाण डब्यात २६.५ टक्के, मशीनवर २०.८. वर्षभराने टिकून असलेल्या किडन्या डब्यातल्या ९० टक्के, मशीनवरच्या ९४. फळ्यावर हे काढल्यावर आमचा मॅनेजर म्हणाला, छान आहे, पण स्प्रिंट प्लॅनिंग कधी करायचं?

माझा जीव अर्थातच लिव्हरमध्ये अडकलेला. तिथे ऑक्सफर्डच्या लोकांनी उलटाच विचार केला. थंड करायचंच कशाला? लिव्हर ३७ अंशांवर ठेवा, त्यातून रक्त फिरवा, प्राणवायू द्या, साखर द्या. त्याला वाटलं पाहिजे की आपण पोटातच आहोत. पीटर फ्रेंड हे सर्जन आणि कॉन्स्टँटिन कुसिओस हे इंजिनिअर, दोघांनी मिळून यंत्र बनवलं, २०१३ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णात असं लिव्हर बसलं. २०१८ मध्ये २२० प्रत्यारोपणांचा निकाल छापून आला. लिव्हरला होणारी इजा निम्म्यावर, फेकून द्याव्या लागणाऱ्या लिव्हरचं प्रमाण निम्मं, आणि हे सगळं सरासरी ५४ टक्के जास्त वेळ साठवून.

पण मी ज्या पेपरवर तासभर बसून राहिलो तो बर्मिंगहॅमचा, २०२० चा. त्यांनी ३१ लिव्हर घेतली, जी इंग्लंडातल्या सगळ्या केंद्रांनी नाकारली होती. नको म्हटलेली. ती यंत्रावर चढवली आणि पाहिलं, लॅक्टेट साफ करतंय का, काम करतंय का. ३१ पैकी २२ पास झाली आणि माणसांना बसवली. तीन महिन्यांनी बावीसच्या बावीस माणसं जिवंत होती. पुढे चौघांना पित्तनलिका आवळल्यामुळे पुन्हा ट्रान्सप्लांट करावं लागलं, तेव्हा हे काही जादूचं यंत्र नाही. पण विचार करा, डब्यात अवयव झोपलेला असतो, त्याला विचारता येत नाही की बाबा रे, तू उठशील ना? यंत्रावर विचारता येतं. आमच्या त्या रात्री सर्जनकडे डोळे होते, सूक्ष्मदर्शक होता आणि घड्याळ होतं. त्यावर त्यांनी 'नाही' म्हटलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते लिव्हर त्या ३१ मधल्या २२ पैकी होतं की ९ पैकी, हा किडा डोक्यातून जात नाही.

बाकी बरंच चाललंय. झ्युरिकच्या मंडळींनी २०२० मध्ये लिव्हर आठवडाभर जिवंत ठेवण्याचं यंत्र दाखवलं. श्वासपटल जसं लिव्हरला हलवतं तसं ते हलवतं म्हणे. तीन दिवस त्यावर राहिलेलं एक लिव्हर त्यांनी २०२१ मध्ये एका रुग्णाला बसवलंही. टोरंटोच्या लोकांना फुप्फुसांच्या बाबतीत असं दिसलं की ४ ऐवजी १० अंशांवर ठेवली तर ती जास्त चांगली राहतात, रात्री आलेलं फुप्फुस सकाळी बसवता येतं. इतकी वर्षं सगळे ४ का धरून बसले होते? कारण बर्फाचा डबा तेवढाच देतो! हे वाचून मामा खूश झाला. "बर्फ सांगेल ते तापमान," म्हणाला. कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर सांभाळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

आणि मग गोठवणं. मामाचं 'गोठला की संपला' हे तत्त्व मोडायचा प्रयत्न मिनेसोटात चाललाय. पाण्याचा बर्फ होऊच द्यायचा नाही, इतकं झटकन थंड करायचं की काच व्हावी. खरी पंचाईत परत गरम करताना, कारण बाहेरून ऊब दिली तर कडा आधी तापते आणि मधोमध तडा जातो. म्हणून त्यांनी आत आधीच लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडले आणि चुंबकीय क्षेत्राने सगळीकडून एकदम ऊब आणली. २०२३ मध्ये अशा शंभर दिवसांपर्यंत ठेवलेल्या किडन्या उंदरांना बसवल्या आणि त्या चालल्या. उंदराची किडनी केवढी, माणसाचं लिव्हर केवढं, तेव्हा लगेच उड्या मारू नयेत.

हे सांगितलं तेव्हा मामा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. हल्ली पायांना सूज असते. "शंभर दिवस?" म्हणाला. "म्हणजे मिरकरवाड्यातून कुठेही जाईल." मग बराच वेळ गप्प. मला वाटलं डोळा लागला.

"बंड्या, तो कोल्हापूरचा कोण होता रे?"

"ते सांगत नाहीत मामा. नियमच आहे."

"माणूस की बाई, तेही नाही?"

"नाही."

मामी आतून पोळ्या टाकायची थांबली. ते तिच्या तव्याच्या आवाजावरून कळतं.

"आपण तिथे देवाचं नाव घेत बसलो होतो," मामा म्हणाला, "तेव्हा त्यांच्या घरचे पण असतील ना बाहेर बाकड्यावर. त्यांना सांगितलं असेल का, लिव्हर नको म्हणून?"

मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तपासणीसाठी गेलो तेव्हा मामाने स्वतःच कोऑर्डिनेटर मॅडमना गाठलं. नाव-गाव नका सांगू म्हणाला, एवढंच सांगा, त्या रात्रीचं बाकी काही कुणाला लागलं का? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, काका, दोन्ही किडन्या लागल्या.

गाडीत बसल्यावर त्याने हे मामीला फोन करून सांगितलं. "दोन्ही लागल्या," म्हणाला. "हो, दोन्ही." मग सीट मागे केली आणि वारजे येईपर्यंत झोपला.